दोन बोटं लाकूड

"डोळे मीट. बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव. हं. आता उघड डोळे. काय दिसतंय?"

काहीच दिसत नव्हतं. बंदुकीवरच्या दुर्बिणीत नुसता काळोख होता, आणि त्या काळोखाच्या एका कडेला नखाच्या कोरीएवढा उजेड. समोरच्या भिंतीवर पेंढा भरलेला रानकोंबडा होता, त्याच्यावर नेम धर म्हणून दुकानदाराने सांगितलं होतं. पण कोंबडा सोडाच, भिंतसुद्धा सापडत नव्हती. मिर्वाने सवयीने मान पुढे ताणली, हनुवटी जरा उचलली, तेव्हा कुठे कोंबड्याची लाल भुवई भिंगात सरकत आली. "आता दिसला," ती म्हणाली. "तू त्याला शोधायला गेलीस म्हणून दिसला," दुकानदार म्हणाला. वेसा त्याचं नाव. हातांना तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, आणि घाई कशाचीच नाही. "बंदूक मापाची असली की डोळे उघडल्या उघडल्या समोरचं दिसायला हवं. कुणाच्या मापाचा आहे हा खांद्याचा लाकडी दस्ता?"

इतका साधा प्रश्न. ताम्पेरेच्या नगरवाचनालयात खिडकीमागे बसून ती स्वतः दिवसभर असलेच प्रश्न विचारायची, पुस्तक कुणाच्या नावावर आहे, कार्ड कुणाचं आहे, आणि लोक न अडखळता उत्तरं द्यायचे. "माझ्या वडिलांच्या," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला उगाचच वाटलं की आपल्याला चारचौघांत पकडलंय. दुसऱ्याचा कोट अंगावर चढवून आपण आरशासमोर उभे आहोत आणि मागून कुणीतरी दिवा लावलाय. मग नेहमीप्रमाणे चिडचिड झाली. मार्चपासून तिला सगळ्याचीच चिडचिड होत होती. ट्रामच्या दारात अडून उभ्या राहणाऱ्यांची, दुधाच्या खोक्याच्या न उघडणाऱ्या कोपऱ्याची, 'काही लागलं तर सांग हं' म्हणून खांद्यावर हात ठेवणाऱ्या मैत्रिणींची. काय लागणार होतं, आणि लागलं असतं तर ह्या कुठून आणून देणार होत्या? रडू मात्र एकदाही आलं नव्हतं. वाचनालयात त्याला खंबीरपणा म्हणत होते. तिला स्वतःला ते एखाद्या जड दारासारखं वाटायचं, आतून की बाहेरून लावलंय ते न कळणारं.

"भेगेमुळे माप बिघडलंय त्याचं," शेजारी उभा असलेला तिचा भाऊ यार्को म्हणाला. "भेगेने लाकूड लांब होतं का रे?" "वाकलंय ना पण. वाकल्यावर फरक पडतो." "कुणी वाकवलं?" हे ती गेला महिनाभर करत होती, आणि दर वेळी आपण हलकट आहोत असं वाटत होतं, आणि दर वेळी पुन्हा करत होती. ऑगस्टात दोघं नेमबाजीच्या सरावाहून भर पावसात विर्रात गावी आईकडे आली, बंदुकीतून पाणी निथळत होतं. यार्कोने लोखंड पुसलं, तेल लावलं, कपाटात ठेवलं, आणि दस्ता सुटा करून सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीतल्या, वरच्या बाकावर आडवा टाकला. सौना आदल्या संध्याकाळची होती, दगड जेमतेम कोमट. त्या घरात सगळं तिथेच वाळायचं, बूट, लोकरी मोजे, आईची अळंबी, एकदा तर भिजलेला रेडिओसुद्धा. त्यामुळे यार्कोला ते करताना विचारही करावा लागला नाही. आणि आई पहाटे उठून, पोरं थकून आलीत, उठल्यावर त्यांना अंग शेकायला बरं म्हणून, अंधारात चुलीत बर्चची लाकडं सारून आली. वर कुणी बघितलंच नाही. नऊ वाजता यार्को टॉवेल घेऊन आत शिरला तेव्हा बाकावर दस्ता नावेसारखा वळला होता आणि मुठीच्या जागेपासून मागच्या टोकापर्यंत उलला होता. तो तसाच उघडा बाहेर आला आणि अंगणात दस्ता दोन्ही हातांवर धरून उभा राहिला. आई खिडकीतून म्हणाली, "दार लाव आधी, वाफ जातेय."

मग त्याने सरस भरला, लोखंडी पट्ट्या आवळल्या. तसल्या मलमपट्टीच्या बंदुकीने मिर्वा नेमबाजीच्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोनदा नापास झाली. मूसच्या शिकारीला परीक्षा लागतेच. मूस म्हणजे घोड्याहून उंच जनावर, आणि ते जखमी होऊन दलदलीत पळालं तर दिवसच्या दिवस शोधावं लागतं, म्हणून कागदावरच्या मूसच्या छातीवर सगळ्या गोळ्या वर्तुळात बसवून दाखवल्याशिवाय कुणी बंदूक घेऊन रानात उभं राहू शकत नाही. आजवर तिला त्याची गरज पडली नव्हती. ती हाकाऱ्यांतली. गावच्या टोळीबरोबर ती दर ऑक्टोबरात कुत्र्याच्या मागे रान हाकत आली होती, आणि वडील पलीकडे दलदलीच्या काठी त्यांच्या ठाण्यावर, वाकड्या देवदाराखाली बंदूक घेऊन उभे असायचे. आता ते ठाणं रिकामं होतं. टोळीचा म्होरक्या उर्पो मे महिन्यात आईच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या दुसऱ्या कपापर्यंत एक अक्षर बोलला नाही आणि मग म्हणाला होता, "ताइस्तोची जागा ताइस्तोच्या पोरीने घ्यावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे." सगळे म्हणजे नऊ म्हातारे आणि एक दंतवैद्य. तिला त्या क्षणी किती हवं होतं ते, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिने फक्त "बरं" म्हटलं आणि कप विसळायला उठली. पण शिकार सुरू व्हायच्या आधीची शेवटची परीक्षा परवा रविवारी होती. त्यातही नापास झाली तर ठाणं ह्या वर्षी उर्पोच्या जावयाला जाणार, आणि ठाणी एकदा गेली की परत येत नाहीत. तेव्हा आज, शुक्रवारी, दुकान बंद व्हायच्या आत, बंदुकीला नवा दस्ता बसायला हवा होता. म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. यार्को आला होता कारण चूक त्याची होती. आणि आई आली होती कारण, ती म्हणाली, तिला असंही शहरात लोकर घ्यायची होती.

आई दाराजवळच्या स्टुलावर मांडीवर पर्स धरून बसली होती, दवाखान्यात बसतात तशी. "बर्चचाच घ्या," ती म्हणाली. दुकानात आल्यापासून चौथ्यांदा.

"आई, ते ठरलंय ना. उर्पोने केलाय," यार्को म्हणाला, आणि आता वेळ आली असं ठरवून त्याने काउंटरवर ठेवलेलं घोंगडीचं गाठोडं सोडलं. हे मिर्वाला माहीत नव्हतं. म्हणजे उर्पो काहीतरी खटपट करतोय एवढं कानावर होतं, उललेला दस्ता तो नमुना म्हणून आठवडाभर घेऊन गेला होता. पण पुरा झालेला दस्ता असा समोर येईल असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं नव्हतं ते चांगल्या मनाने, तिला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. दस्ता सुंदर होता. तेच तर वाईट होतं. उर्पोने माळ्यावर वर्षानुवर्षं वाळत ठेवलेली बर्चची फळी, तिच्यातल्या रेषा पाण्यावर वारा सुटावा तशा हललेल्या, आणि हात लावला तर लोण्यासारखी. "केसाचा फरक नाही म्हणाला," यार्को म्हणाला. "लांबी, उतार, गालाची बाजू, सगळं जुन्यासारखं. अगदी बाबांचं. रडलो मी बघून, तुला सांगतो."

"रडलास?"

"थोडा."

ह्याचीसुद्धा तिला चीड आली, की त्याला ते जमलं. वेसाने दस्ता उचलला, खिडकीकडे धरून त्याच्यावरून नजर फिरवली, अंगठ्याने खाचा चाचपल्या आणि मान डोलावली, म्हणजे ह्या भागात टाळ्या वाजवल्यासारखंच. मग त्याने तो तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "कोपरापासून बोटापर्यंत धर." तिने कोपर वाकवून दस्त्याचं टोक दंडात टेकवलं. बोटं चापाच्या जागेपर्यंत पोचत नव्हती. चांगली दोन बोटं जागा उरत होती. "अगदी जुन्यासारखा," वेसा म्हणाला, आणि ते कौतुक होतं की काय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

उर्पोने हे का केलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मार्चमध्ये वडील गेले ते तळ्यावर. बर्फाला भोक पाडून, घडीच्या स्टुलावर बसून, गळाची छोटी काठी हातात धरून. सकाळी कधीतरी गेले असावेत, डॉक्टर म्हणाला. दिवसभर ते तसेच बसले होते, किंचित पुढे झुकून, आणि तळ्यावर त्या दिवशी माणसं होती. शेजारची बाई कुत्र्याला घेऊन काठाकाठाने गेली. दोन मुलगे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवरून बर्फ उडवत गेले. उर्पो तर स्कीवरून पन्नास पावलांवरून गेला आणि त्याने हात केला. उलट हात आला नाही, त्यात नवल काय होतं? मासे धरत बसलेल्या माणसाशी कोण बोलायला जातं? तो एकटा आहे म्हणूनच तिथे बसलाय, त्याला त्रास कशाला द्यायचा, हे तिथल्या लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. त्याला उठवायला न जाणं हा मान होता. सगळ्या गावाने मिळून त्यांचा तो मान राखला, संध्याकाळी आई हाक मारत बर्फावर जाईपर्यंत. मिर्वा रात्री ह्याच विचाराने जागी व्हायची. दुःखाने नव्हे, चिडून. ह्या लोकांना कुठे थांबायचं तेच कळत नाही, आणि ती स्वतः त्यांतलीच होती; ती तिथून गेली असती तर तिनेही हात केला असता आणि पुढे गेली असती.

"हा बघ," वेसा म्हणाला, आणि त्याने मागच्या कपाटातून एक करडा प्लास्टिकचा दस्ता काढला. "लांबी कमी-जास्त करता येते. गालाची बाजू ह्या बटणाने वर-खाली. पावसात फुगत नाही, उन्हात वाळत नाही." यार्कोकडे बघत तो म्हणाला, "सौनातही चालेल." त्याने तिची बंदूक त्या दस्त्यात बसवली, मध्ये दोन चकत्या काढल्या, गालाची बाजू खाली सरकवली. "मीट डोळे. लाव. उघड." आणि भिंगात रानकोंबडा होता. एकदम, गोल, आख्खा, चोचीवरची धूळसुद्धा. तिने काहीच केलं नव्हतं. मान जिथे असते तिथेच होती. तिला एखाद्या अनोळखी माणसाने अचानक नावाने हाक मारावी तसं झालं, आणि तिने घाईघाईने बंदूक खाली घेतली.

"कसली कुरूप आहे," आई म्हणाली. "छत्रीच्या मुठीसारखी."

"दिसतं तरी तिच्यातून," मिर्वा म्हणाली.

"दिसायला काय, ताइस्तोलाही दिसतच होतं. दर वर्षी मूस आणायचा."

मग यार्कोने तोडगा काढला. यार्को तोडगे काढणाराच होता. लहानपणी दोघांत एकच सायकल होती तेव्हाही त्याने असा तोडगा काढला होता की सायकल त्याने चालवायची आणि ती कुठे गेली होती ते तिला सांगायचं. "हे बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला, जणू काय वेसा चार हातांवर नव्हताच. "रविवारी प्लास्टिक लाव. पास हो. मग शिकारीच्या दिवशी ठाण्यावर उर्पोचा बर्च लावून जा. उर्पोला बरं वाटेल, टोळीला बरं वाटेल. तिथे नाहीतरी तुला रोज थोडीच गोळी झाडायचीय. नुसतं उभं तर राहायचंय."

"आणि मूस आलाच समोर तर?"

"तर मान ताण. बाबा ताणायचे ना."

आईने स्टुलावरून मान हलवली, हे तिला पटलं होतं. मिर्वा दोघांकडे बघत राहिली. तिला वाटलं, हे आपल्यावर प्रेम करणारे लोक आहेत. ह्यांतलं कुणीही वाईट नाही. आणि तरीही उर्पो, यार्को, आई, टोळीतले नऊ म्हातारे आणि तो दंतवैद्य, ह्या सगळ्यांनी मिळून महिनाभर ह्या दस्त्यावर खल केला होता, लाकूड कुठलं, तेल कुठलं, रेषा कुठल्या दिशेने हव्यात, आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की हा दस्ता जिच्या खांद्याला लागणार तिचा हात केवढा आहे ते एकदा बघावं. तिने स्वतः तरी कुठे सांगितलं होतं? परीक्षेत नापास होऊन आल्यावर ती गाल चोळत गप्प बसली होती. गाल दुखतो म्हणजे आपलंच चुकतं असं ती धरून चालली होती, कारण बंदूक वडिलांची होती आणि वडिलांचं काही चुकत नसे. "सगळ्यांना एकच घोकायचंय," ती म्हणाली, आणि आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "बाबांसारखं, बाबांसारखं, बाबांच्या मापाचं! मी त्यांच्या मापाची नाहीये, त्याला मी काय करू?"

"त्याच्या मापाचं कुठलं आलंय?" आई म्हणाली.

ती हे लोकरीचा भाव सांगावा तसं म्हणाली, पर्सची चेन लावत. "तो दस्ता माझ्या बाबांचा. बाबा केवढे उंच होते. दारातून वाकून यायचे. ताइस्तो कुठे, त्यांच्या खांद्याला लागायचा."

मिर्वाला आधी वाटलं की आई चुकतेय. वडील उंच होते. म्हणजे, ती लहान होती तेव्हा होते, आणि नंतर तिने मोजायला घेतलं नव्हतं. मग तिला तो कोट आठवला. एप्रिलमध्ये कपाट रिकामं करताना तिने त्यांचा लोकरी कोट अंगावर चढवून बघितला होता, बाही नेमकी तिच्या मनगटाशी येऊन थांबली होती, आणि तिने तो तसाच घडी घालून खोक्यात ठेवला होता. जे दिसलं ते मनात शिरूच दिलं नव्हतं. "म्हणजे त्यांनाही लांब होता," ती म्हणाली. "होता की," आई म्हणाली. "दर ऑक्टोबरात गाल काळानिळा. मी गार चमचा लावून बसायचे रात्री. शिव्या द्यायचा बंदुकीला, हळू आवाजात. बाबा मागच्या खोलीत असायचे ना."

वडील त्या घरात घरजावई म्हणून आले होते हे मिर्वाला माहीत होतं, जसं घराचं छप्पर पत्र्याचं आहे हे माहीत असतं. आजोबांनी त्यांना घर दिलं, गाय दिली, होडी दिली, गुडघे गेल्यावर बंदूक दिली आणि दलदलीकाठचं ठाणं दिलं. कशाला हात लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. असं कुणी म्हणत नसतं. "आणि मग कापला का नाही?" तिने विचारलं. "घरात करवत नव्हती?"

"काढली होती एकदा. पायऱ्यांवर बसला होता दस्ता मांडीवर घेऊन, तू तेव्हा रांगत होतीस. मी म्हटलं, बाबांना आवाज जाईल रे, त्यांना वाईट वाटेल. ते गेल्यावर काप."

"मग?"

"मग बाबा गेले."

"मग?"

"मग म्हणाला, आता मान बसलीय त्याला, राहू दे." आईने वेसाकडे बघितलं. "तुमच्याकडे लोकरीचं दुकान जवळ कुठे आहे हो इथे?"

मान बसलीय. मिर्वा काउंटरला टेकली. वडील मान ताणायचे. गाडी चालवताना, चर्चमध्ये, टेबलाशी वर्तमानपत्र वाचताना, कुंपणापलीकडे काहीतरी चाललंय आणि ते आपण बघतोय अशी, किंचित पुढे, हनुवटी जरा वर. लहानपणी तिला वाटायचं त्यांना दूरचं काहीतरी दिसतं. पुढे खूप पुस्तकं वाचून झाल्यावर तिने त्या मानेत सावधपणा वाचला, करारीपणा वाचला, रानात आयुष्य काढलेल्या माणसाचं ऐकत राहणं वाचलं. त्यांच्या दफनाच्या वेळी ती त्याबद्दल चार वाक्यं बोललीसुद्धा होती, आणि लोकांनी डोळे पुसले होते. वाचणाऱ्या माणसाची खोडच ही, साध्या अवघडलेपणालाही अर्थ चिकटवून मोकळं व्हायचं. आणि ते नुसतं दोन बोटं लाकूड होतं. दोन बोटं जास्तीचं लाकूड, दुसऱ्याच्या हाताच्या मापाचं, आणि त्याला पुरून उरायला म्हणून एका माणसाने आयुष्यभर मान पुढे काढून ठेवली. ऑक्टोबरातला त्यांचा निळा गाल तिला आठवला. दर शरदात तळ्याकाठची झाडं पिवळी व्हायची, रानात लाल बोरं धरायची, आणि बाबांचा गाल निळा व्हायचा. शाळेत जाईपर्यंत तिची समजूत होती की सगळ्यांच्याच बाबांचा होतो. निदान ह्या वेळी तरी दुःख येईल अशी तिने वाट बघितली, पण आली ती पुन्हा चीडच, फक्त आता पहिल्यांदाच तिला नीट दिशा होती. यार्को नव्हे. आई नव्हे. तळ्यावरून हात करून गेलेला उर्पोसुद्धा नव्हे.

"हा कापता येईल?" तिने उर्पोच्या बर्चवर हात ठेवून विचारलं.

"वेडी आहेस का?" यार्को म्हणाला.

"लाकूड आहे," वेसा म्हणाला. "कापता सगळंच येतं. परत जोडता येत नाही." आणि बर्चकडे बोट दाखवून, "ज्याने केलाय त्याला विचार आधी. मी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला करवत लावत नाही."

"त्यापेक्षा प्लास्टिक घे ना," यार्को जवळजवळ विनवत होता. "चांगलं आहे ते. पावसात फुगत नाही. हा भिंतीवर लावू आपण, आईकडे, खिळे मी ठोकतो. कशाला उगाच एखाद्याचं मन..."

"भिंतीवर नाही लावायचा," मिर्वा म्हणाली, आणि फोन काढला.

बऱ्याच वेळाने उचलला गेला. "हं," उर्पो म्हणाला.

"मिर्वा बोलतेय."

"दिसतंय. नाव येतं ह्याच्यावर."

"दस्ता बघितला मी. फार सुरेख झालाय."

"सुरेख म्हणायला कुणी फोन करत नाही पोरी. काय बिघडलं?"

"लांब आहे. मला."

पलीकडे कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. "तो ताइस्तोचाच आहे," उर्पो म्हणाला. "मी नमुना समोर ठेवून केलाय. केसाचा फरक सापडला तर दाखव."

"फरक नाहीच. पण त्यांनाही लांबच होता, उर्पो. आई सांगतेय. तो अन्टीआजोबांचा, तिच्या बाबांचा होता."

आता तो बोलेना. तिने फोन कानापासून दूर धरून बघितलं, चालूच होता. यार्को भुवया उडवून काय म्हणाला, काय म्हणाला विचारत होता. तिने पाठ फिरवली. त्या शांततेत तिला बरंच काही ऐकू येत होतं, आणि त्याला आपण अर्थ चिकटवायचा नाही असं तिने ह्या खेपेला ठरवलं. म्हातारा विचार करत होता, एवढंच. शेवटी तो खाकरला.

"तरी म्हटलं," तो म्हणाला. "अन्टीचा होय. चाळीस वर्षं शेजारच्या ठाण्यावरून बघतोय, हा माणूस बगळ्यासारखा का उभा राहतो." मग म्हणाला, "विचारायला हवं होतं."

"हो," मिर्वा म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"किती काढायचंय?"

"दोन बोटं."

"तुझी की वेसाची? त्याची बोटं म्हणजे सॉसेज."

"माझी."

"मग नुसतं मागून कापून भागणार नाही. गालाकडूनही तासून घे, गाल खाली बसायला हवा तुझा. आणि कापायच्या आधी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायला सांग त्याला, नाहीतर कडेची ढलपी उडेल. करायचंच तर अर्धवट करू नकोस." आणि त्याने फोन ठेवला.

वेसाला सांगावं लागलं नाही. तो आधीच चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होता. त्याने तिला पुन्हा कोपर वाकवून उभं केलं, दस्ता दंडाशी धरला, पेन्सिल कानामागून काढली आणि तिचं बोट जिथे संपत होतं तिथून मागे मोजून एक रेघ ओढली. आईला बघवेना, की बघायचं होतं, ती स्टुलावरून उठून काउंटरशी आली आणि पर्स लाकडावर ठेवून उभी राहिली. यार्को खिशात हात घालून रानकोंबड्याकडे तोंड करून उभा होता. दस्ता शिकंज्यात आवळला गेला, फडकी गुंडाळून, हळू. मिर्वाने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. ती तयारीने उभी होती, दाताच्या डॉक्टरकडे माणूस बसतो तशी, सगळं अंग आवळून, खूप वेळ चालणाऱ्या गोष्टीसाठी.

करवतीचा आवाज सुरू झाला. बारीक, कोरडा, तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलका. बर्चचा गोडसर वास आला. आणि आवाज थांबला. काहीतरी अडलं, तिला वाटलं. खिळा लागला, गाठ लागली, पातं तुटलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"झालं," वेसा म्हणाला.

कामाच्या टेबलावर एक चकती पडली होती, आतून पांढुरकी, पोळीच्या उंड्याएवढी. वेसा दस्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. ढलपी कुठेही उडाली नव्हती. करवत सुरू झाली तेव्हा बाहेरच्या थांब्यावर उभी असलेली ट्राम आत्ता कुठे घंटा वाजवत सुटत होती.

"एवढंच?" मिर्वा म्हणाली.

प्रश्न कुणाला आहे ते कुणाला कळलं नाही.

"एवढंच होतं?" तिने पुन्हा विचारलं, आणि ह्या वेळी आवाज इतका चढला, इतका फाटला, की यार्को दचकून वळला आणि वेसाने हातातला दस्ता खाली ठेवला. आईने मात्र वर बघितलं नाही. ती चिकटपट्टीचा तुकडा बोटावर गुंडाळत उभी राहिली, पोरीला मध्येच न थांबवता. कारण तिला कळलं होतं की मार्चपासून मिर्वा आज पहिल्यांदा आपल्या बापाशी बोलतेय.